माळाचा शेजार

आमच्या वस्तीच्या उगवतीला माळ आहे. त्या माळावर कोण कोण राहतं हे मला आधी आजीकडून कळलं, मग मातीतल्या ठशांवरून. पुस्तकं फार उशिरा आली. सुपे आणि मोरगाव यांच्या आसपासचा हा पट्टा. पुणे जिल्ह्यातलाच, पण मावळातला पाऊस इथवर पोचेपर्यंत दमलेला असतो. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि खालच्या अंगाची बारामती बागायत झाली. आम्ही कालव्याच्या वर राहिलो. बाजरी, मटकी, हुलगा, पाऊस झालाच तर ज्वारी. बाकी सगळा माळ. कुसळी गवत, तरवड, बोरी, हिवर, मुरमाड टेकाडं आणि होळीच्या आधीच कोरड्या पडणाऱ्या ओघळी.

सातबाऱ्यावर या माळाचे तुकडे गायरान, पड, पोटखराबा असे लागलेले आहेत. दप्तरात त्यांच्यापुढे पीक नाही, विहीर नाही, झाडसुद्धा नाही. आजीला मात्र त्याच माळाची सगळी वहिवाट तोंडपाठ होती. कोणत्या ओघळीत कोण राहतं, कोणत्या महिन्यात कोण येतं, कुणाच्या वाटेला आपण जायचं नाही. ती शाळेत गेलेली नव्हती. तिने सांगितलेलं मी पुढे जमिनीवर ताडून पाहत आले आणि त्यातलं बहुतेक खरं निघालं. तिच्या पिढीची माणसं आता हाताच्या बोटांवर उरली आहेत, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आजी इथे नांदायला आली ती स्वातंत्र्याच्या आधी काही वर्षं. माहेर कऱ्हेकाठचं, भर गावठाणातलं, भिंतीला भिंत लागून घरं. इथे घर एकटं. पुढे गोठा, मागे कडब्याची गंज आणि गंजीपलीकडे लगेच माळ. नव्या सुनेला सासूने पीठमिठाच्या मडक्यांबरोबर शेजारही दाखवला. "वरच्या ओघळीला खोकडाचं बीळ हाय, ते बुजवायचं न्हाय. खडकाखालच्या कपारीत तरस ऱ्हातंय, त्ये आपल्याला काय करत न्हाय. थंडीत लांडगं फिरत्यात, करडं घरात घ्यायची. आन् सरपणात हात घालताना आदी काठी आपटायची." दिवेलागणीनंतर सापाचं नाव घ्यायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं, हेही तिला त्याच संध्याकाळी सांगितलं गेलं.

घड्याळ घरात नव्हतं. आजीच्या सांगण्याप्रमाणे रात्रीच्या पहिल्या प्रहरी टेकाडाकडून कोल्ह्यांची कुई यायची, मग बराच वेळ पिंगळा आणि रातवा, आणि चांदणी वर यायच्या सुमाराला गंजीमागे खोकडाचं तुटक तुटक बोलणं. ते ऐकू आलं की ती उठून जात्यावर बसायची. मी लहानपणी तिच्या कुशीत झोपायचे. ती झोपेतच म्हणायची, "आलं बघ," आणि खरंच काही वेळाने मागून आवाज यायचा. कोल्हा आणि खोकड यांच्यातला फरक मला अक्षरओळखीच्या आधी आला. कोल्हा दांडगा, पाय मजबूत, टोळीने ओरडणारा. खोकड त्याच्या निम्म्याहून लहान, तीन किलोच्या आतबाहेरचं. कान अंगाच्या मानाने मोठे, पाय काटकुळे, आणि झुबकेदार शेपटीचं टोक काळं. "शेपटाचं टोक बघायचं, मंग बोलायचं," हा आजीचा नियम. आजही कुणी मला फोनवर फोटो पाठवून विचारलं तर मी आधी शेपटीचं टोक बघते.

वरच्या ओघळीतल्या त्या बिळाला चार-पाच तोंडं होती. फाल्गुनात उन्हं कलली की एका तोंडातून मादी बाहेर यायची, उकरलेल्या मातीच्या ढिगावर उभी राहून वारा घ्यायची आणि परत आत जायची. असं दोन-तीनदा झालं की मगच पिल्लं बाहेर पडायची. करड्या रंगाची, डोक्याला फक्त कान असावेत अशी. नर माळावरून यायचा, तोंडात बिळातला उंदीर नाहीतर टोळ. तो आला की पिल्लं त्याच्या जबड्याखाली घुसायची. आम्ही मुलं बांधाआड पालथी पडून बघायचो. आजीची अट एकच होती, कुत्रं बरोबर न्यायचं नाही.

खोकडावर तिचा जीव होता त्याला कारणं होती. गंजीतले उंदीर खोकड कमी करायचं. मृगाचा पहिला पाऊस झाला आणि वाळवीला पंख फुटून ती जमिनीतून निघाली की खोकड वारुळापाशी बसून एकेक किडा टिपत बसायचं. हिवाळ्यात बोरं खायचं. त्याची विष्ठा बांधाच्या दगडावर हमखास सापडायची. ती काडीने फोडून आजीने मला दाखवली होती. आत उंदराचे केस, किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे आणि बोराच्या बिया. मग ती बांधावरच्या बोरीकडे बोट करून म्हणाली, "ही काय आबांनी लावली का? ह्या समद्या खोकडानं लावल्यात." त्या बोरींची बोरं विकून तिने माझ्या थोरल्या आत्याला शाळेची पाटी घेतली होती, त्यामुळे ती हे फार मनापासून सांगायची.

तरसाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती माझ्या पणजीपासून आलेली आहे. १९१८ साली मानमोडीची साथ आली. पहिलं महायुद्ध संपता संपता जगभर पसरलेला तो इन्फ्लुएंझा. आमच्याकडे त्याला मानमोडीच म्हणतात, अजूनही. त्या साली पाऊसही गेला होता. एकेका घरातून दोन-दोन, तीन-तीन माणसं गेली, सरणाला लाकूड पुरेना, माणसं उथळ खड्ड्यांत पुरली जाऊ लागली. एरवी माणसाच्या दृष्टीस न पडणारं तरस त्या दिवसांत गावाच्या शिवेपर्यंत येऊ लागलं. पणजीने ते संध्याकाळच्या उजेडात पाहिलं होतं. अंगावर काळे पट्टे, मानेवर उभी आयाळ, पुढचं अंग उंच आणि मागचं बसकं, त्यामुळे चालताना ते लंगडल्यासारखं दिसतं. तेव्हापासून आमच्या भागात तरसाच्या नावाला मरणाचा वास चिकटला. त्याने माणसं मारल्याच्या, पोरं पळवल्याच्या गोष्टी तयार झाल्या. पणजीने मात्र सुनेला, म्हणजे आजीला, जे सांगितलं त्यात तसं काही नव्हतं. "त्येनं कुणाला मारलं न्हाय. मेल्याली आपलीच आपण नीट झाकली न्हाईत, त्येला त्यो काय करील?"

सव्वीस वर्षांच्या बाईने साथीत घरातली माणसं गमावल्यावर इतकं न्यायाचं बोलावं, याचं मला आजही नवल वाटतं. पट्टेवाला तरस मेलेली जनावरं खाऊन जगतो. त्याच्या जबड्यात बैलाचं मांडीचं हाड फोडायची ताकद असते आणि पोटात ते हाड पचतंही. म्हणून त्याची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी होते. खडकाखालच्या कपारीपाशी मी ती पाहिली आहे, हातात घेऊन चुरली आहे. पूर्वी गावातलं मेलेलं ढोर माळावर टाकायचे, ते गिधाडं आणि तरस मिळून एका रात्रीत संपवायचे. गिधाडं माझ्या लहानपणानंतर गेली. गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने ती संपली, हे २००४ च्या सुमाराला संशोधकांनी सिद्ध केलं, आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तरस उरलं.

लांडग्याचा इतिहास आबांकडून कळला. आबा, म्हणजे माझे आजोबा, जनावरांबद्दल कमी बोलायचे. पण त्यांच्या वडलांच्या काळी लांडग्याचं कातडं मामलेदार कचेरीत नेऊन दाखवलं की सरकारकडून बक्षीस मिळे, हे त्यांनी मला एकदा खळ्यावर बसून सांगितलं. पिल्लांचेही पैसे मिळायचे. बिळाच्या तोंडाशी वाळलेलं शेण आणि लिंबाचा पाला पेटवून धूर आत कोंडायचा, दुसऱ्या तोंडाशी पोतं धरायचं. आबा आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांना पोतं धरायला नेलं होतं. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

हे फक्त आमच्या गावात चाललं नव्हतं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी इंग्रजी अमदानीतल्या बक्षिसांच्या नोंदी तपासून मांडलेला हिशोब असा आहे, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० वर वाघ, १,५०,००० वर बिबटे आणि सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले. वाघांचा आकडा वाचून आपण हळहळतो. लांडग्यांचा त्याहून मोठा आकडा कुणाच्या फारसा स्मरणात नाही, कारण लांडगा मेल्याचं दुःख करायची आपल्याकडे रीतच नव्हती. गोष्टींमध्ये तो लबाड, म्हणीत तो लबाड. खरं तर जनुकांच्या अभ्यासातून असं दिसतं की आपल्या माळावरचा लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या शाखांपैकी एक आहे. युरोपातल्या बर्फातल्या लांडग्यांच्या कितीतरी आधीपासून वेगळा वाढलेला. वीस किलोच्या आसपासचा, लांब पायांचा, आखूड केसांचा. सबंध देशात आता दोन-तीन हजारच असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे जवळजवळ वाघाइतकेच.

लांडग्याशी खरी ओळख असलेला माणूस म्हणजे आमच्या रानात मेंढरं बसवणारे धनगर मामा. नातं रक्ताचं नव्हतं. पण आजी त्यांना भाऊबीजेला ओवाळायची, म्हणून आमचे मामा. पावसाळ्यात त्यांचा वाडा आमच्याच शिवारात असे. दिवाळी झाली की दोन घोडी, बायकापोरं, कोंबड्या आणि काळ्या दख्खनी मेंढ्यांचा खांड घेऊन ते पश्चिमेकडे निघत, ते मृगाच्या तोंडावर परत. जाताना-येताना आमच्या रानात चार रात्री मेंढरं बसत. लेंड्यांचं खत आम्हाला, बाजरी त्यांना. भोवती वाघर लावलेली, बाहेर कुत्री, आणि मामा घोंगडी पांघरून बाजेवर नाही तर जमिनीवरच, कान जमिनीला लावून.

"लांडगं एकटं येत न्हाय," ते सांगायचे. "एक म्होरनं येतंय, मुद्दाम दिसतंय. कुत्री त्येच्या मागं पळाली की दुसरं मागनं वाघरीवरनं उडी टाकतंय." कोकरू नेताना लांडगा ते फरफटत नेत नाही, मानेला धरून उचलून नेतो, हे त्यांनी मला स्वतःच्या हाताची मूठ करून दाखवलं होतं. एकेक लांडगी त्यांना चेहऱ्याने ठाऊक होती. एक तुटक्या कानाची होती. तिने त्यांची कितीतरी मेंढरं नेली आणि मामा तिच्याबद्दल जावेबद्दल बोलावं तसं बोलायचे, रागाने आणि माहितीने.

तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या भावांनी बिळं दगडांनी बुजवली होती, आत पिल्लं असताना. हे ते लपवायचे नाहीत. पुढे बंद केलं. का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी व्यवहार सांगितला. घरचा कळप असला की तो बाहेरच्यांना येऊ देत नाही, आणि घरच्या कळपाला कुठल्या वाड्यावर कुत्री तिखट आहेत हे ठाऊक असतं. तो मारला की नवे येतात, ते कशालाच भीत नाहीत. मग जरा थांबून म्हणाले, "खंडोबानं मेंढरं दिली तवा लांडग्याचा वाटा धरूनच दिली आसंल. साऱ्यानी खायाचं, पर मोजून." मोजून या शब्दावर त्यांचा जोर होता. वाटा मोठा झाला की ते बिळापाशी जाऊन रात्रभर जाळ करायचे, इतकंच. लांडगी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. तिच्याकडे एकाहून जास्त बिळं तयार असतात.

उत्तर हिंदुस्थानात लांडग्यांनी लहान मुलांवर हल्ले केल्याच्या नोंदी आहेत आणि तिथल्या आईबापांचं भय खरं आहे. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना मी मुद्दाम हे विचारत आले. खुरपणीला गेलेल्या बायांनी झाडाला झोळी बांधून तान्हं पोर झोपवलं आहे आणि समोरच्या टेकाडावर लांडगे बसलेले आहेत, असं दोघींनी सांगितलं. पोर नेल्याची आठवण कुणाकडे नाही.

मी स्वतः पहिला लांडगा पाहिला तो पौषातल्या एका पहाटे, तुरीच्या पाट्याच्या कडेने. उजेड फुटत होता. वाळलेल्या गवताच्या रंगाचं काहीतरी बांधावरून सरळ रेषेत चाललं होतं. मान पाठीच्या पातळीत, शेपूट खाली, घाई नाही. मध्येच थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे पिवळसर. कुत्रं बघतं तसं ते बघणं नव्हतं, त्यात काही मागणं नव्हतं. नंतर मी त्या बांधावर जाऊन बसले. ओलसर मातीत ठसे ठळक उठले होते. कुत्रं चालतं तेव्हा इकडे हुंगत, तिकडे वळत चालतं, त्याचे ठसे पसरतात. लांडग्याचा मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो आणि सबंध माग दोरी लावल्यासारखा सरळ जातो. मामांनी सांगितलेलं हे मला तोवर शब्दांतच ठाऊक होतं. मी तो माग ओढ्यापर्यंत काढला. वाटेत दोन पायवाटा मिळतात त्या तिठ्यावर केसांनी भरलेली विष्ठा होती, अगदी मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून ठेवलेली.

१९७२ चा दुष्काळ आमच्या घरात सगळ्यांच्या बोलण्यात असतो. आबा आणि आजी दोघंही खडी फोडायला जात. रोजगार हमीचं काम तेव्हाच सुरू झालं. मुलांना सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. गुरं छावणीला गेली, त्यातली परत थोडीच आली. त्या सगळ्यात आजीने एक गोष्ट पाहून ठेवली होती: चिंकारा मेली नाहीत. आम्ही त्यांना हरणंच म्हणतो. वीस-बावीस किलोचं, तांबूस पाठीचं जनावर, नराची शिंगं वळ्यावळ्यांची आणि मादीचीही असतात, पण बारीक. माळावर प्यायला थेंब नव्हता आणि हरणं बोरीचा पाला, हिवराच्या शेंगा खाऊन, पहाटेचं दव चाटून तगली. चिंकाऱ्याला खाण्यातल्या ओलाव्यावर कितीतरी दिवस काढता येतात, हे मी खूप नंतर वाचलं. काही घरांनी त्या साली हरणांना फासे लावले. आजी त्यांची नावं घ्यायची नाही. "पोरं उपाशी हुती," एवढंच म्हणायची. त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आमच्या माळावर त्याची बातमी यायला बरीच वर्षं लागली.

दुष्काळी कामावर जे पाझर तलाव बांधले गेले, त्यातला एक आमच्या ओढ्यावर आहे. आजीने त्याच्या भरावावर डोक्याने माती वाहिली होती. आता उन्हाळ्यात अख्ख्या शिवारात जनावरांना पाणी असतं ते तिथेच. गाळात एका रात्रीचे ठसे वाचले तर कोल्हा, खोकड, साळिंदर, रानमांजर, तरस सगळे एकाआड एक येऊन गेलेले दिसतात. हरणं मात्र भरावाच्या वरच्या टेकाडावरच जास्त. नर आपल्या हद्दीवर ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, त्यांचे ढीग होतात, वर्षानुवर्षं तिथेच. माणूस दिसला की पाय आपटतात आणि शिंकल्यासारखा आवाज करतात.

त्यानंतरचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि ते सांगताना मला राग येतो. माळ ओसाड आहे, त्याला हिरवा करायचा, म्हणून चर खणून त्यावर सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावलं गेलं. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण कुसळी गवताला उघडं ऊन लागतं, सावलीत ते मरतं, आणि गवत गेलं की टोळ, उंदीर, चंडोल, ससा, त्यांच्यामागे खोकड, सगळी उतरंड ढासळते. वेड्या बाभळीने उरलेलं खाल्लं. जनाई-शिरसाई योजनेचं पाणी आलं, बोअरवेल आल्या, शेततळी झाली. कालव्याच्या वरची आमची रानंही भिजली आणि त्यात आम्ही ऊस लावला. पाण्यासाठी तीन पिढ्या तळमळलेल्या घरातली मी, त्या पाण्याला नावं ठेवणार नाही. पण उसाबरोबर बिबट्या आला, जो आजीच्या यादीत कधीच नव्हता. खडकाखालच्या कपारीशी मुरमाची खाण आहे. कुक्कुटपालनाच्या शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर पडतात, त्यावर मोकाट कुत्री पोसली गेली. खोकडाची पिल्लं आता लांडगा मारत नाही, ही कुत्री मारतात.

कुत्र्यांनी आणखी एक गोष्ट केली. मामांच्या पाठीमागे वाडा सांभाळणाऱ्या त्यांच्या नातवाने मला काही वर्षांपूर्वी सांगितलं, की कळपात एक पिवळट जनावर आहे, "ताई, ह्यो धड लांडगा न्हाय." चाल लांडग्याची, अंगलट कुत्र्याची. पुणे जिल्ह्यातल्या माळांवरून असे नमुने गोळा करून संशोधकांनी जनुकं तपासली तेव्हा लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं सिद्ध झालं, देशात पहिल्यांदाच. लाखो वर्षं वेगळी राहिलेली ही वेल मोकाट कुत्र्यांच्या गर्दीत विरघळून जाऊ शकते. बंदुकीने जे झालं नाही ते असं होईल.

संरक्षण अजिबात नाही असं नाही. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, ५.१४ चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी. तिथे हरणं निर्धास्त चरताना दिसतात, आणि शहरातून आलेली मुलं ती बघून हरखतात. कडबनवाडी आणि शिरसुफळच्या गवताळ रानांत वनखात्याने अलीकडे सफारी सुरू केली आहे, गावातल्या पोरांना वाटाड्याचं काम मिळालं. पण लांडग्यांच्या एका कळपाला शंभराहून जास्त चौरस किलोमीटर लागतात. त्यातला मोठा भाग तुमच्या-माझ्या बांधांचा, गायरानांचा, आणि आता प्लॉट पाडून तारेचं कुंपण घातलेल्या जमिनींचा आहे. लांडग्याने मेंढी मारली तर सरकारी भरपाई मिळते. पण पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नसतं आणि वाड्याला सकाळी पुढच्या रानात पोचायचं असतं. शिवाय लांडगा कोकरू उचलूनच नेतो, तेव्हा पंचनामा कशाचा करायचा? फिरत्या धनगराला साजेशी भरपाईची रीत बसवली पाहिजे, आणि ती रानातच, मोबाइलवरच्या फोटोवर व्हायला हवी. लांडगा वाचवायचा खर्च आजवर मेंढक्याने एकट्याने सोसला आहे.

गेल्या वर्षापासून मामांचा नातू आणि मी एक काम करतो आहोत. गावनकाशाची मोठी प्रत काढून घेतली आहे, गट क्रमांकांसकट. ती घेऊन गावातल्या ऐंशी ओलांडलेल्या माणसांकडे जातो आणि जुन्या जागा विचारून त्यावर खुणा करतो: लांडगदरा, कोल्हेटेप, तरसाची कपार, हरणटेक, साळिंदराचा ओढा. कोणत्या सालापर्यंत कोण दिसत होतं, कधी दिसेनासं झालं. लांडगदऱ्याचे चार गट झाले आहेत, तीन उसाखाली. कोल्हेटेपावर मंगल कार्यालय आहे. साळिंदराचा ओढा मात्र जुन्या सांगण्याबरहुकूम निघाला, बिळाच्या तोंडाशी काळेपांढरे काटे पडलेले होते. हे सगळं ग्रामसभेपुढे ठेवायचं आहे, कारण गायरानातला एक मोठा तुकडा कशाला तरी द्यायची चर्चा चालू आहे आणि देणाऱ्यांच्या कागदावर तो मोकळा आहे.

सध्या काम हरणटेकाच्या हद्दीवर अडलं आहे. थोरल्या आत्याच्या मते हरणांचा वावर पाझर तलावाच्या सांडव्यापर्यंत. मामांच्या धाकट्या भावाच्या मते तो पलीकडच्या घायपाताच्या बांधापर्यंत होता आणि अजून आहे. दोघंही आपलं सोडायला तयार नाहीत. पाऊस उघडला की दोघांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून टेकावर न्यायचं ठरलं आहे. लेंड्यांचे ढीग जिथवर सापडतील तिथवर नकाशावर रेघ ओढू.